हातात झांज, तोंडात अभंग

गिटार शिकायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एका जागी अडतो. कॉर्ड बसलेल्या असतात. गाणं लहानपणापासून पाठ असतं. दोन्ही वेगवेगळं ठीक येतं, पण एकत्र आणलं की घोळ होतो. तोंड उघडलं की हात अडखळतो, हात सांभाळावा तर पुढचा शब्द जातो. रत्नागिरीत मांडवीच्या बंदरावर संध्याकाळी गिटार घेऊन बसलेल्या पोरांकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. ‘आपल्याला एका वेळी दोन गोष्टी जमत नाहीत’ हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढलेला असतो. तो खरा नाही. गणपतीत आरतीला झांज वाजवतोस का, एवढंच त्यांना विचारावं. उत्तर ‘हो’ येतं, आणि त्या उत्तरात निम्मा अभ्यासक्रम असतो.

कोकणातल्या घरची गणपतीची आरती म्हणजे पाच मिनिटांत उरकायचा प्रकार नव्हे. एकामागून एक आरत्या चालतात, वाडीतली माणसं घरोघर फिरतात, आणि सात-आठ वर्षांचं पोरही हातात झांज घेऊन मोठ्यांच्या सुरात सूर मिसळतं. ते पोर गातंय आणि वाजवतंय. दोन्ही एकाच वेळी, न अडखळता. शेवटी ‘घालीन लोटांगण’ला लय वाढते तेव्हा त्याचा हातही वाढतो आणि तोंडही. त्याला कोणी शिकवणी लावलेली नसते. मग दहा वर्षांनी त्याच पोराच्या हातात गिटार आल्यावर नेमकं काय बिघडतं?

याचं उत्तर शोधायचं तर आधी आपल्या भजनीबुवांकडे बघू. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी ठरली की रात्रभर मंडप भरलेला असतो. दोन बुवा समोरासमोर, एकाची बारी झाली की दुसऱ्याची. गजर, रूपाचा अभंग, गवळण असं भजन चढत जातं. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी हे भजन मुंबईत नेलं, आणि लालबाग-परळमध्येही मंडळं उभी राहिली. बुवाची बैठक नीट न्याहाळा. समोर पेटी. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, तोंडात अभंग, आणि नजर मात्र पखवाजावर नाहीतर समोरच्या बुवावर. पेटीकडे बघण्याचा प्रश्नच येत नाही. मध्येच उजवा हात उचलून तो कोरसला इशारा देतो, पुन्हा पट्टीवर येतो, आणि गाणं एका क्षणासाठीही सुटत नाही.

या पेटीच्या घडणीतच एक गोष्ट दडलेली आहे. अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ते पायाने हवा भरायचं वाद्य होतं. दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला हाताचा भाता दिला, म्हणजे जमिनीवर मांडी घालून ते वाजवता यावं. भाता हाताने मारायचा तर एक हात पट्ट्यांवरून गेला. उरलेल्या एका हाताने दोन-दोन स्वररचना चालवता येत नाहीत, पण गाणाऱ्याच्या चालीमागून जाता येतं. गळा जो स्वर घेतो तोच बोटं घेतात. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तिच्या स्वरांत मींड निघत नाही आणि श्रुती सापडत नाहीत, हा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होतं. पण देवळातल्या भजनाला तो नियम लागू नव्हता, आणि गाता गाता वाजवायला याहून सोयीचं वाद्य आपल्याकडे आलं नव्हतं.

सोयीचं का, तर बुवा खरं म्हणजे दोन गोष्टी करतच नाही. चाल एकच आहे, ती गळ्यातूनही निघते आणि बोटांतूनही. लय सांभाळायला पखवाजी आहे, झांजकरी आहे. गिटारवाल्याचं तसं नाही. त्याच्या गळ्यात चाल आणि हातात ठेका. बुवा आणि पखवाजी या दोघांची कामं त्याला एकट्याला करायची आहेत. म्हणून गिटार घेऊन गाणाऱ्याने बुवाकडे बघावं ते बैठकीसाठी, नजरेसाठी, धिटाईसाठी. हाताचं काम शिकायचं ते झांजकऱ्याकडून. झांजकरी कोरसमध्ये गातो आणि ठेकाही धरतो, आणि गिटारवरचं स्ट्रमिंग हे त्याच कामाचं थोडं गुंतागुंतीचं रूप आहे.

‘एका वेळी एकच’ या समजुतीची मानसशास्त्रज्ञांनीही तपासणी केली आहे. १९७२ साली इंग्लंडमध्ये ॲलपोर्ट, अँटोनिस आणि रेनल्ड्स यांनी पियानो वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांना बसवलं. कानावर हेडफोनमधून गद्य उतारा पडत होता, तो ऐकता ऐकता तसाच मोठ्याने म्हणायचा, आणि त्याच वेळी समोर ठेवलेली अनोळखी स्वरलिपी पियानोवर वाजवायची. थोड्या सरावानंतर विद्यार्थ्यांना दोन्ही कामं जवळजवळ तितकीच चांगली जमली, जितकी सुटी सुटी जमत होती. १९७६ साली अमेरिकेत स्पेल्की, हर्स्ट आणि नायसर यांनी दोन विद्यार्थ्यांना काही महिने रोज सराव दिला: डोळ्यांनी गोष्ट वाचायची आणि त्याच वेळी कोणी सांगेल ते शब्द लिहून घ्यायचे. सुरुवातीला वाचनाचा वेग कोसळला. पुढे तो मूळपदावर आला, आणि वाचलेलं समजतही होतं.

म्हणजे लक्ष दुभंगतं हे गिटारवाल्याच्या अडचणीचं पूर्ण कारण होऊ शकत नाही. वरच्या प्रयोगांत एक सवलत होती. बोलण्याला किंवा लिहिण्याला मात्रांचं बंधन नव्हतं, त्यामुळे दोन कामांच्या लयी एकमेकांना भिडत नव्हत्या. गाणं आणि गिटार यांत दोन्हीकडे लय आहे, आणि खटका तिथेच उडतो. स्टुअर्ट क्लॅप या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली हेच तपासलं. तोंडाने एका लयीत उच्चार करायचा आणि हाताने दुसऱ्या लयीत ठोके द्यायचे. दोन्ही लयी एकमेकींत नीट बसणाऱ्या असल्या तर काम जमतं, न बसणाऱ्या असल्या तर दोन्हीकडे गडबड होते. हात आणि तोंड हे वेगवेगळे अवयव असले तरी वेळेच्या बाबतीत ते एकमेकांना ओढतात.

ही ओढ तुम्हाला टेबलावर बसून पाहता येईल. दोन्ही हातांच्या तर्जनी टेबलावर पुढे काढा आणि दोन्ही एकाच वेळी डावीकडे, एकाच वेळी उजवीकडे हलवा, गाडीच्या काचेवरच्या वायपरसारख्या. आता वेग वाढवत न्या. एका वेगाला बोटं तुमचं न ऐकता एकमेकांकडे आणि एकमेकांपासून दूर अशी आरशातल्यासारखी हलू लागतील. संशोधक स्कॉट केल्सो यांनी १९८०च्या दशकात हा बदल बारकाईने मोजला आणि त्याचं गणितही मांडलं. शरीराला सोपा मेळ आवडतो, आणि घाई झाली की ते सोप्या मेळाकडे घसरतं.

आपल्या गुरुजनांना हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसलेल्या कोणत्याही मुलीला विचारा. हाताने टाळी-खाली देत तोंडाने तालाचे बोल म्हणायचे, मग हाताची लय तीच ठेवून बोल दुगुनीत म्हणायचे. दुगुन लवकर येते, कारण हाताच्या एका ठोक्यात तोंडाचे बरोबर दोन बोल बसतात. पुढे आडी लय आली, हाताच्या दोन मात्रांत तोंडाचे तीन बोल घालायचे झाले, की भल्याभल्यांचा हात डगमगतो. दोन आणि तीन यांचा मेळ दूरवर जाऊन पडतो, आणि तोवर हात तोंडाच्या मागे पळू लागतो. गिटारवर गाणाऱ्याने ही पढंत वगळू नये, असं मला मनापासून वाटतं. गिटारच्या क्लासात ती क्वचित करून घेतात.

आता प्रत्यक्ष गिटारवर येऊ. नवशिक्याला सगळ्यात आधी शिकवला जाणारा स्ट्रम असा: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तो आपल्या केरव्याच्या आठ मात्रांवर बसवून पाहा. हात न थांबता खाली-वर हलत राहतो, म्हणजे १, ३, ५, ७ या मात्रांना तो खाली जातो आणि २, ४, ६, ८ ला वर येतो. पण तारांना तो स्पर्श करतो फक्त १, ३, ४, ६, ७ आणि ८ ला. दुसऱ्या मात्रेला आणि पाचव्या मात्रेला हात हवेतून जातो. आणि केरव्याची ‘खाली’, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची मात्रा, कुठे आहे? पाचव्या मात्रेवर. तबलजी जिथे डग्ग्याचा घुमारा काढून घेतो, तिथेच गिटारवाल्याचा हात तारांना न लागता जातो. लेझीम, भजन, आरती ऐकत वाढलेल्या माणसाच्या अंगात ही पाचवी मात्रा मुरलेली असते. ती तशी मोजायची असते एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

एक साधी ओळ घेऊ: ‘मांडवीच्या किनारी’. ‘मां’ला पहिली आणि दुसरी मात्रा द्या, ‘ड’ तिसरीला, ‘वी’ चौथीला, ‘च्या’ पाचवीला, ‘कि’ सहावीला, ‘ना’ सातवीला, ‘री’ आठवीला. आता वरचा स्ट्रम धरून ही ओळ म्हणा. गाडी कुठे अडते ते लगेच कळेल. ‘च्या’वर. तोंड एक ठसठशीत अक्षर उच्चारतंय आणि हाताला मात्र तारांना लागायचं नाहीये. हाताला सोपा मेळ हवा असतो, त्याला ‘च्या’बरोबर आघात करायचा असतो. तो केला की सहाव्या मात्रेचा वरचा आघात हुकतो, ‘कि’ उशिरा येतो, आणि गाणारा म्हणतो, ‘माझं सगळंच चुकलं’. चुकलेली असते एक मात्रा.

म्हणून सरावाचं पहिलं काम वहीतलं आहे. गाण्याच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर मात्रेचा आकडा लिहा. तारेला न लागणाऱ्या मात्रांभोवती गोल करा. गोलात सापडलेली अक्षरं म्हणजे तुमचे खड्डे. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत शंभरदा गाण्याची गरज नसते, या चार-पाच खड्ड्यांवर काम केलं की बाकीचा रस्ता सरळच असतो. बहुतेक जण गाणं पुन्हा पुन्हा सुरुवातीपासून धरतात आणि त्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडतात. तेवढ्या वेळात हाताला चुकीचाच सराव होतो.

दुसरं काम असं: डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून तारा मुक्या करा. आता उजव्या हाताने स्ट्रम धरा, म्हणजे नुसता ‘चक् चक्’ आवाज येईल, झांज दाबून वाजवल्यासारखा. त्यावर ओळ गाऊ नका, नुसती म्हणा. सूर नको, भाव नको, मात्रेला अक्षर. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा आणि एका ठोक्यात दोन मात्रा धरा. हे फार संथ वाटेल, आणि संथ असण्यातच त्याचा उपयोग आहे, कारण वेगात हात घसरतो हे आपण बोटांच्या प्रयोगात पाहिलं. ओळ सहज येऊ लागली की सूर लावा, पण कॉर्ड एकच ठेवा, बेसूर झालं तरी चालेल. डावा हात शेवटी सामील करायचा.

डाव्या हाताची एक युक्ती जाणकार वादक करतात आणि सांगायला विसरतात. कॉर्ड बदलायची ती बहुधा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पण बोटं उचलायची त्याआधी, आठव्या मात्रेच्या वरच्या आघाताला. तेवढा एक आघात मोकळ्या तारांवर पडला तरी ऐकणाऱ्याच्या कानाला खटकत नाही, आणि डाव्या हाताला अर्ध्या ठोक्याची उसंत मिळते. नवशिका समेपर्यंत कॉर्ड घट्ट धरून बसतो, मग धावत बदलतो, आणि नेमका त्याच समेवर गाण्यातला वजनदार शब्द असतो.

मराठी गाण्यांत आणखी एक पेच आहे. आपले कितीतरी मुखडे समेच्या आधीच उठतात. पाचव्या नाहीतर सातव्या मात्रेला शब्द सुरू होतो आणि समेवर येऊन ठेपतो. गिटारवाला मात्र हात आणि तोंड दोन्ही पहिल्या मात्रेलाच एकदम सुरू करायला बघतो. अशा गाण्यात आधी हाताची दोन आवर्तनं रिकामी जाऊ द्या आणि तिसऱ्यात शब्द सोडा. बुवाही गजर उचलण्याआधी पखवाजाला तसं वाजू देतो.

दादऱ्याच्या गाण्यांना वेगळं तंत्र लागतं, आणि भावगीतांत दादरा भरपूर. सहा मात्रांत हात खाली-वर चालवला तर पहिल्या विभागाची सुरुवात खालच्या आघाताने होते आणि दुसऱ्या विभागाची, म्हणजे चौथ्या मात्रेची, वरच्या आघाताने. चौथी मात्रा म्हणजे दादऱ्याची खाली, त्यामुळे वरचा हलका आघात तिथे शोभतोच. पण हाताला ही उलटापालट अंगवळणी पडायला वेळ लागतो. तोवर सरळ प्रत्येक मात्रेला खालीच वाजवावं, पहिल्या मात्रेला जड आणि बाकीच्यांना हलकं.

आता गळ्याचं. आपल्याकडे गाणारा माणूस स्वर विचारतो तो ‘काळी एक’, ‘काळी पाच’ असा, आणि गिटारची पुस्तकं बोलतात सी आणि जी. हा दुवा न जुळल्याने कितीतरी मुलं दुसऱ्याच्या पट्टीत गळा ताणून गातात, आणि ‘गाता गाता वाजवता येत नाही’ म्हणतात तेव्हा खरी अडचण पट्टीची असते. ताणलेला गळा सगळं लक्ष खातो. पांढरी एक म्हणजे सी. गिटारवरची प्रत्येक पट्टी (फ्रेट) अर्धा स्वर चढवते, बारा पट्ट्यांनी सप्तक पुरं होतं. म्हणून सगळ्या तारा एकदम दाबणारा कॅपो पहिल्या पट्टीवर लावून सीच्या घाटाच्या कॉर्ड धरल्या की काळी एक मिळते. तिसऱ्या पट्टीवर कॅपो आणि सीचेच घाट, तर काळी दोन. जीचे घाट आणि कॅपो पहिल्या पट्टीवर, तर काळी चार, आणि तेच घाट तिसऱ्या पट्टीवर, तर काळी पाच. एवढं पाठ असलं की घरच्या पेटीबरोबरही बसता येतं. आधी आपली पट्टी पेटीवर नक्की करा, मग कॅपो लावा. पुस्तकात छापलेली पट्टी गाणाऱ्याच्या गळ्यापेक्षा मोठी नाही.

बैठकीचाही परिणाम होतो. गिटार मांडीवर घेऊन बोटांकडे वाकून पाहिलं की मान पुढे येते, पोट दुमडतं आणि श्वास तोकडा पडतो. मग लांब ओळ मध्येच तुटते आणि तिच्याबरोबर हातही तुटतो. रत्नागिरीत पावसाळ्यात दिवे गेले की गिटार हातात घ्यावी. अंधारात बोटांकडे बघायची सवय आपोआप सुटते, मान वर येते, आवाज मोकळा होतो. (त्याच पावसाळ्यात गिटारीची काळजीही घ्यावी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्राची खारी हवा, यात पोलादी तारा गंजतात आणि लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात. अशा तारा दाबायला जोर लागतो आणि तो जोर गाण्यातून जातो. वाजवून झाल्यावर तारा सुक्या फडक्याने पुसून गिटार पिशवीत ठेवावी, आत सिलिकाची पाकिटं टाकावीत.)

हात स्वयंचलित झाला की नाही हे ओळखायची एक घरगुती परीक्षा आहे. तुम्ही स्ट्रम धरून बसलेले असताना आईने आतून हाक मारावी, ‘अरे, चहा घेतोस का?’ त्याला पूर्ण वाक्यात उत्तर द्या: ‘घेतो, पण साखर कमी घाल.’ हात थांबला, तर अजून गाण्याची वेळ आलेली नाही. उत्तर देताना हाताने एकही मात्रा सोडली नाही, तर त्या हातावर आता गाणं ठेवायला घेता येईल.

गाता गाता वाजवण्याची परंपरा आपल्याकडे पेटी-झांजेपुरती कधीच नव्हती. डफावर थाप देत पोवाडा म्हणणारा शाहीर आहे, चिपळ्या वाजवत दारी येणारा वासुदेव आहे, झांज हातात घेऊन आख्यान लावणारा कीर्तनकार आहे. खाली गोव्यात उतरलं की मांडो गाताना घुमट वाजतं, आणि त्याच मातीतला रेमो फर्नांडिस गिटार घेऊन गातो, बासरीही वाजवतो. या सगळ्यांचा एक नियम समान दिसतो, आणि तो मंचावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाने आधीच ठरवून ठेवावा. गाताना चूक होणार आहे. त्या क्षणी दोहोंपैकी काय सोडायचं? शब्द सोडायचा, हात नाही. डबलबारीत अभंगाचा एखादा शब्द ओठावर आला नाही तर बुवा ओळ कोरसवर टाकतो, पेटीवर चाल धरून राहतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा आत येतो. मंडपातल्या चार माणसांनाच ते कळतं. गिटारवाल्याला कोरस नसतो, पण त्याच्याकडे स्ट्रम असतो. ओळ गेली तर दोन आवर्तनं नुसती वाजू द्यावीत, पाचव्या मात्रेचा रिकामा हात मोजत राहावा, आणि मुखडा जिथून उठतो तिथून पुन्हा धरावा. याचाही वेगळा सराव करायचा असतो: गाता गाता मुद्दाम एक ओळ गिळायची आणि हात चालू ठेवून पुढच्या ओळीत शिरायचं. सरावात हे दहा वेळा करून ठेवलेलं असलं, तर लोकांसमोर एकदा करताना छातीत धडधडत नाही.